विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (जन्म : २७ एप्रिल १८९९, मृत्यू : ७ मार्च १९७१) हे भारतीय प्रसूतितज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक होते. गर्भाशयाचे मुख अशक्त असल्यामुळे वारंवार होणारा गर्भपात थांबवण्यासाठी त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया जगभर शिरोडकर टाका या नावाने ओळखली जाते. गर्भाशय न काढता त्याला पुन्हा आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया, गर्भनलिकांची दुरुस्ती आणि कुटुंबनियोजन या क्षेत्रांतही त्यांचे कार्य महत्त्वाचे आहे. सैल पडलेल्या अवयवाला रुग्णाच्याच शरीरातील बळकट पटलाच्या पट्टीने आधार देणे, हे त्यांच्या शस्त्रक्रियांचे मुख्य सूत्र होते. भारत सरकारने त्यांना १९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण हे किताब दिले.

जन्म व शिक्षण

शिरोडकर यांचा जन्म गोव्यातील शिरोडा या गावी झाला. हे गाव फोंडा तालुक्यात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील त्याच नावाचे गाव वेगळे. त्यांच्या जन्माच्या वेळी गोवा पोर्तुगीज सत्तेखाली होता. पणजी येथे पोर्तुगीजांनी स्थापन केलेले वैद्यकीय विद्यालय होते. तरीही उच्च शिक्षणासाठी मुंबई गाठण्याची वाट त्या काळच्या अनेक गोमंतकीय तरुणांनी धरली. शिरोडकरही त्यांपैकीच एक होत.

मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. १८४५ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय भायखळ्याच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाशी संलग्न आहे. तेथून १९२३ साली ते एम.बी.बी.एस. झाले आणि १९२७ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र या विषयांत त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम.डी. ही पदवी मिळवली. पुढे ते इंग्लंडला गेले व १९३१ साली एफ.आर.सी.एस. झाले.

या शिक्षणक्रमातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांची एम.डी. प्रसूतिशास्त्रातली होती, तर एफ.आर.सी.एस. ही अर्हता सर्वसाधारण शल्यचिकित्सेची. पोटाची भिंत, हर्निया, स्नायूंवरील वेष्टने, सांधे व स्नायुबंध यांच्या दुरुस्तीचे जे तंत्र सर्वसाधारण शल्यचिकित्सक वापरत, ते स्त्रीरोगांच्या क्षेत्रात आणण्याची दृष्टी त्यांच्या पुढील कामात सर्वत्र दिसते.

अध्यापन व रुग्णसेवा

इंग्लंडहून परतल्यावर शिरोडकर मुंबईत स्थायिक झाले. सर ज.जी. रुग्णालयसमूहात मानद शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी काम केले आणि १९४०च्या दशकाच्या आरंभी ते ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. मानद डॉक्टरांनी सकाळी सार्वजनिक रुग्णालयात विनावेतन वा नाममात्र मानधनावर काम करायचे आणि उरलेल्या वेळात खासगी व्यवसाय करायचा, ही मुंबईची तेव्हाची रीत होती. त्यामुळे सार्वजनिक रुग्णालयातील गरीब बाया आणि खासगी दवाखान्यातील सधन स्त्रिया या दोहोंचे आजार त्यांना जवळून पाहता आले.

त्या काळच्या रुग्णांत दोन तक्रारी विशेष आढळत. पहिली, चौथ्या ते सातव्या महिन्यांत पुनःपुन्हा होणारा गर्भपात. दुसरी, गर्भाशय खाली उतरणे, म्हणजे बोलीभाषेत अंग बाहेर येणे. ज्या स्त्रीला मूल राहत नाही तिला घरात टिकून राहणे अवघड होई. आणि जिचे अंग बाहेर येई ती लाजेपोटी वर्षानुवर्षे दवाखान्याची पायरी चढत नसे. शिरोडकर यांच्या दोन प्रमुख शस्त्रक्रिया या दोन तक्रारींतून निर्माण झाल्या.

शिरोडकर टाका

गर्भाशयाच्या खालच्या अरुंद भागास ग्रीवा म्हणतात. गरोदरपणात ग्रीवेचे आतले तोंड बंद राहून वाढणारा गर्भ आत धरून ठेवते व प्रसूतीच्या वेळी ते उघडते. काही स्त्रियांत हे तोंड जन्मतः अशक्त असते, तर काहींत आधीच्या अवघड बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत ते दुखावलेले असते. अशा वेळी गर्भाचे वजन वाढू लागले की कळा न येताच ग्रीवा उघडते, गर्भजलाची पिशवी खाली येऊन फुटते आणि गर्भ पडतो.

१९५०पूर्वी अशा रुग्णांना अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला व संप्रेरकांची इंजेक्शने हाच उपाय होता, आणि त्याने अनेकींना गुण येत नसे. ग्रीवेतील दोष दुरुस्त करण्याचे प्रयत्न इतरत्रही चालू होते. फ्रान्समध्ये पामर व लाकोम यांनी १९४८ साली, तर अमेरिकेत लॅश व लॅश यांनी १९५० साली गरोदर नसताना ग्रीवेचा सैल भाग कापून ती शिवण्याची पद्धत मांडली होती. मात्र अशी शिवण घातल्यावर स्त्रीला पुन्हा दिवस राहतीलच, याची खात्री नसे.

शिरोडकर यांनी वेगळा मार्ग घेतला. दिवस गेलेले असतानाच, साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास, ग्रीवेच्या आतल्या तोंडाभोवती पट्टी बांधून ते आवळायचे, असा तो मार्ग होता. शस्त्रक्रिया योनिमार्गातून होई. ग्रीवेच्या पुढच्या बाजूस आडवा छेद घेऊन मूत्राशय वर सरकवले जाई, म्हणजे आतल्या तोंडाच्या पातळीपर्यंत पोहोचता येई. मागच्या बाजूस दुसरा छेद घेऊन बाकदार बोथट सुईने पट्टी श्लेष्मल त्वचेखालून ग्रीवेभोवती फिरवली जाई. पट्टीची टोके योग्य तितकी आवळून एकमेकांस शिवली की वरची त्वचा पुन्हा बंद केली जाई.

ही पट्टी रुग्णाच्याच मांडीवरून घेतलेली असे. मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंना वेढणारे एक जाड, चिवट पटल असते. त्यास फॅशिया लाटा म्हणतात. त्याची अरुंद चिरफळी काढली तरी मांडीच्या कामात फारसा फरक पडत नाही. स्वतःच्याच शरीराचा भाग असल्याने शरीर तो परका मानत नाही, आणि तो ताण सहन करतो.

या पद्धतीवरील त्यांचा लेख १९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या द अँटिसेप्टिक या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाला. त्या काळात सोनोग्राफी प्रसूतिशास्त्रात आलेली नव्हती. त्यामुळे निदान रुग्णाचा पूर्वेतिहास आणि बोटांनी वारंवार केलेली तपासणी यांवरच अवलंबून होते. दोष नेमका ग्रीवेतच आहे अशा रुग्ण निवडणे, हा या पद्धतीतील सर्वांत अवघड भाग होता व पुढील काळातही तो तसाच राहिला.

प्रसार व सुधारणा

शिरोडकर यांनी परदेशांत जाऊन आपली पद्धत प्रत्यक्ष करून दाखवली. लवकरच तिच्यात बदल सुचवले गेले. ऑस्ट्रेलियातील इयन मॅकडोनाल्ड यांनी १९५७ साली अधिक सोपी पद्धत मांडली. तिच्यात मूत्राशय सरकवावे लागत नाही. बटव्याच्या तोंडाला नाडी ओवावी तसा ग्रीवेभोवती टाका ओवला जातो आणि नववा महिना लागल्यावर तो सहज काढता येतो. शिरोडकर टाका अधिक वर, आतल्या तोंडाच्या जवळ बसतो. परंतु तो त्वचेखाली पुरलेला असल्याने काढणे अवघड जाते, व पूर्वी अनेकदा सिझेरियन करावे लागे. या दोन पद्धतींपैकी कोणती केव्हा वापरावी, हा निर्णय रुग्णाची ग्रीवा व शल्यचिकित्सकाचा अनुभव पाहून घेतला जातो. ज्यांची ग्रीवा फार आखूड असते किंवा ज्यांना योनिमार्गातून घातलेल्या टाक्याचा उपयोग झालेला नाही, अशांसाठी पोट उघडून टाका घालण्याची पद्धत अमेरिकेतील बेन्सन व डर्फी यांनी १९६५ साली वर्णिली.

कालांतराने मांडीच्या पट्टीऐवजी मर्सिलीन या पॉलिएस्टर धाग्याची विणलेली फीत वापरात आली. त्यामुळे मांडीवरचा वेगळा छेद टळला.

टाक्याच्या उपयुक्ततेची मोठी चाचणी शिरोडकर यांच्या मृत्यूनंतर झाली. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषद व प्रसूतितज्ज्ञांचे राजमहाविद्यालय यांनी अनेक देशांतील १,२९२ स्त्रियांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. टाका घातलेल्या गटात ३३ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण १३ टक्के, तर न घातलेल्या गटात १७ टक्के आढळले. सर्वांत स्पष्ट लाभ तीन वा अधिक वेळा गर्भपात किंवा अकाली प्रसूती झालेल्या स्त्रियांना झाला. म्हणजे ज्या रुग्णांसाठी शिरोडकर यांनी ही शस्त्रक्रिया योजली होती, त्यांच्यातच ती सर्वाधिक उपयोगी ठरली. सरसकट प्रत्येक गर्भपाताला ती लागू करणे योग्य नाही, हेही त्यातून दिसले.

गर्भाशयाला आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया

गर्भाशय त्रिकास्थी, श्रोणीच्या भिंती आणि योनी यांना जोडणाऱ्या स्नायुबंधांच्या आधारे जागेवर राहते. लहान वयातील व लागोपाठची बाळंतपणे, ग्रीवा पूर्ण उघडण्याआधीच जोर लावायला लावणे, आणि बाळंतपणानंतर लगेच सुरू होणारी ओझी उचलण्याची कामे यांनी हे बंध ताणले जातात. भारतात विशीतिशीतल्या स्त्रियांतही अंग बाहेर येण्याचा विकार आढळत असे. वय झालेल्या स्त्रीचे गर्भाशय काढून टाकणे हा रूढ उपाय होता. परंतु जिला अजून मूल हवे आहे, तिला तो चालण्यासारखा नव्हता.

इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या मँचेस्टर शस्त्रक्रियेत गर्भाशय राखले जाई, पण ग्रीवेचा लांबलेला भाग कापावा लागे. कापलेली ग्रीवा पुढील गरोदरपणात गर्भ धरून ठेवण्यास कमी पडे. एका विकाराचा उपाय दुसऱ्या विकाराला आमंत्रण देई, आणि हा दुसरा विकार नेमका शिरोडकर यांच्या अभ्यासाचा होता. त्यांनी या शस्त्रक्रियेत बदल करून ग्रीवा न कापता गर्भाशय व त्रिकास्थी यांमधील बंध सोडवून ग्रीवेच्या पुढच्या बाजूस आणून शिवण्याची पद्धत बसवली.

बंध फारच कमकुवत असतील तर हे पुरेसे नसे. अशा रुग्णांसाठी त्यांनी पोट उघडून करण्याची झोळी शस्त्रक्रिया योजली. तीत पट्टीचे एक टोक ग्रीवेच्या मागच्या बाजूस व दुसरे त्रिकास्थीच्या वरच्या उंचवट्यावरील घट्ट बंधाला शिवले जाते. त्यामुळे गर्भाशयाला मूळच्या बंधांसारखाच मागून आणि वरून आधार मिळतो. डाव्या बाजूस मोठ्या आतड्याचा भाग वाटेत असल्याने तेथे पट्टी कंबरेच्या स्नायूभोवती वळवून नेली जाते. रचना शरीराच्या स्वाभाविक आधाराच्या सर्वांत जवळची असली, तरी आतडे, मूत्रनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांच्या सान्निध्यामुळे ती करण्यास अवघड मानली जाते.

मुंबईतच पुरंदरे यांनी याच हेतूने दुसरी पद्धत विकसित केली. तीत पोटाच्या भिंतीतील सरळ स्नायूंच्या आवरणाच्या पट्ट्या काढून त्या गर्भाशयाच्या पुढच्या बाजूस शिवल्या जात. म्हणजे गर्भाशय पोटाच्या भिंतीला टांगले जाई. पुढे याही शस्त्रक्रियेत मर्सिलीनची फीत आली. शिरोडकर व पुरंदरे या दोन्ही पद्धती भारतातील स्त्रीरोगशास्त्राच्या अभ्यासक्रमात आजही शिकवल्या जातात.

स्वतःचे पटल, फीत व जाळी

शरीरातील पटल एका जागेहून काढून दुसरीकडे लावण्याची कल्पना शिरोडकर यांच्यापूर्वीची आहे. जर्मनीतील मार्टिन किर्शनर यांनी १९०९ साली फॅशियाच्या मुक्त कलमांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि कॅनडातील गॅली व लमेझूरिये यांनी १९२०च्या दशकात मांडीच्या फॅशियाच्या पट्ट्या हर्निया शिवण्यासाठी वापरल्या. शिरोडकर यांनी पोटाच्या भिंतीच्या दुरुस्तीतील हे साधन गर्भाशयाकडे नेले.

पुढचा प्रवासही दोन्ही क्षेत्रांत सारखाच झाला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील फ्रान्सिस अशर यांनी पोटाच्या भिंतीसाठी कृत्रिम धाग्याची जाळी प्रचारात आणली आणि हर्नियाच्या दुरुस्तीत तिने फॅशियाच्या पट्टीची जागा घेतली. सिझेरियनच्या व्रणात वाढणाऱ्या एंडोमेट्रिओसिसच्या गाठीच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. ही गाठ पाळीच्या वेळी दुखते व फुगते. ती पुन्हा होऊ नये म्हणून भोवतालच्या निरोगी ऊतींच्या कडेसह काढावी लागते, आणि गाठ स्नायूंच्या आवरणात रुतलेली असेल तर पोटाच्या भिंतीत भगदाड राहते. भगदाड लहान असेल तर कडा ताण न देता एकमेकांस शिवतात. मोठे असेल तर ओढून शिवल्यास टाके सुटून हर्निया होतो, म्हणून जाळी बसवतात किंवा भिंतीचे थर मोकळे करून मध्यभागी आणतात. जंतुसंसर्गाचा धोका असल्यास रुग्णाच्याच फॅशियाचा विचार होतो.

कृत्रिम साधनांच्या मर्यादाही पुढे आल्या. योनिमार्गातून बसवलेल्या जाळीमुळे वेदना व जखमा झाल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९मध्ये अंग बाहेर येण्याच्या विकारासाठी अशा जाळीची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. त्यानंतर रुग्णाच्या स्वतःच्या ऊतींनी केलेल्या दुरुस्तीकडे पुन्हा लक्ष गेले.

इतर कार्य

वंध्यत्वावरील उपचारांत बंद पडलेल्या गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियांवर शिरोडकर यांनी बरेच काम केले. कृत्रिम गर्भधारणेचे तंत्र अस्तित्वात येण्यापूर्वी अशा स्त्रियांसाठी हाच एक मार्ग होता. त्यांच्या शस्त्रक्रियांची एकत्रित मांडणी करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली एडिंबरा येथील लिव्हिंगस्टन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला.

कुटुंबनियोजनाच्या चळवळीशीही ते निगडित होते. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. १९४९ साली धनवंती रामा राव व आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत शिरोडकर यांचा समावेश होतो. ज्या स्त्रीला मूल हवे तिचा गर्भ राखणे आणि जिला नको तिला तो टाळण्याचे साधन देणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली.

सन्मान व मृत्यू

१९६० साली पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण या किताबांनी त्यांचा गौरव झाला. पद्मविभूषण मिळाले त्याच वर्षी, ७ मार्च १९७१ रोजी, वयाच्या ७१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

शिरोडकर यांच्या कार्याचा गाभा गर्भाशय राखून त्याची दुरुस्ती करणे हा होता. हा प्रश्न महाराष्ट्रात त्यांच्या पश्चातही संपलेला नाही. बीड जिल्ह्यातील धारूर, तेलगाव, वडवणी, केज या परिसरातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोची मिळून एक कोयता अशी मोजणी होते, मोळ्या डोक्यावर वाहाव्या लागतात, आणि कामावर खाडा झाला तर दंड कापला जातो. या जिल्ह्यात तरुण स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे समोर आल्यावर राज्य शासनाने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्री मजुरांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अतिरक्तस्राव यांसारख्या तक्रारींवर इतर उपचार न होताच अनेकींवर ही शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले.

शिरोडकर यांच्या शस्त्रक्रिया यांतील प्रत्येक तक्रारीवरचा उपाय नाहीत. परंतु अवयव काढण्यापूर्वी तो राखता येईल का, हे पाहण्याची त्यांनी घालून दिलेली रीत भारतातील स्त्रीरोगशास्त्राचा भाग झाली आहे. त्यांच्या नावाचा टाका आज जगातील बहुतेक प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळतो.